भरतीच्या आधी

इमारतीतली लहानथोर माणसं त्यांना वरखालीकाका म्हणत. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, म्हणून हे नाव. अडकलेल्या लिफ्टपाशी पोचले की हत्याराला हात लावायच्या आधी ते दाराशी तोंड नेऊन म्हणत, "दार ओढू नका. मी बाहेरच आहे." आतल्या माणसाला पडायची भीती फारशी नसतेच, असं त्यांचं म्हणणं. आपण आत आहोत हे बाहेर कुणाच्या गावीही नाही, ही खरी भीती.

आणि लिफ्टा अडकायच्या त्या नेमक्या सुट्टीत. मुलगा लहान असताना एकदा समुद्राकाठच्या एका गावी जायचं ठरलं, बॅगा दारात आल्या आणि फोन वाजला. काका पान्ह्यांची पिशवी उचलून निघून गेले. ते जाणं राहिलं ते राहिलंच. पुढे बायको गेली, गुडघ्यांनी संप पुकारला, काका घरी बसले. आता त्याच गावाचा नकाशा मुलाने फ्रिजवर चिकटवला होता. गावाला खेटून राष्ट्रीय उद्यान, जंगल थेट वाळूपर्यंत उतरलेलं. मुलगा आणि सून रोज त्या नकाशापुढे उभे राहून कुजबुजत, आणि काका पाणी प्यायला आले की विषय हवापाण्यावर घसरे.

काकांच्या मनात पाल चुकचुकली. कोण कोण जाणार, असं त्यांनी मुलाला सहज विचारून पाहिलं. "बघू, बाबा," म्हणत तो बूट शोधायला लागला. बूट त्याच्या पायातच होते.

मग एका सकाळी सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. काका आत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. आधी त्यांनी लक्ष दिलं नाही. मग सुनेच्या तोंडी 'बाबा' आलं आणि त्यांनी जिवाचा कान केला.

"नाही, बाबांशी अजून बोलले नाही मी," ती म्हणत होती. "आधी तुमच्याकडून पक्कं होऊ दे. भरती सकाळीच आहे ना? आणि एकदा भरती झाली की परत येता येत नाही म्हणता… बरं. चाकांची खुर्ची तुमच्याकडेच मिळेल ना?"

काकांनी न वाचताच पेपराचं पान उलटलं.

भरती हा शब्द त्यांच्या कानात एकाच अर्थाने जाऊन बसला होता. जन्मभर त्यांच्याबरोबर काम केलेला जोडीदार मागे वृद्धाश्रमात गेला, तेव्हा फोनवर हसत म्हणाला होता, "झाली बाबा माझी भरती. पोरांनी पलटणीत घातलं." पहिल्या फोनवर तो हसला होता. नंतरच्या फोनांवर तो जेवणात काय होतं तेवढं सांगायचा.

त्या दिवसापासून काकांनी पाचावर धारण बसलेल्या माणसाचे सगळे उद्योग केले. गुडघा कुरकुरला तरी चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. खोकला आला की नळ सोडून खोकायचं. जन्मभर ज्या यंत्राची सेवा केली ती लिफ्ट सोडून ते जिना चढून आले आणि दारात सुनेपुढे श्वास लपवता लपवता जांभळे पडले. सकाळची भांडी त्यांनी घासून ठेवली, सुनेने ती मुकाट्याने पुन्हा घासली. विचारून टाकावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

एकदा ती टेप घेऊन आली. "बाबा, पायाचं माप काय हो तुमचं?"

तिथे सगळ्यांना सारख्या सपाता देतात, हे जोडीदाराने सांगितलं होतं. काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "विसरलो," ते म्हणाले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सुनेने टेबल पुसलं आणि म्हणाली, "बाबा, जरा बसा. आम्हाला दोघांना तुमच्याशी बोलायचंय." मुलाने एक कागद पुढ्यात घेतला. काका उठले, शांतपणे आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी घातली.

आधी मुलाने हाका मारल्या. मग दार ठोठावलं. मग खांद्याने रेटायला लागला. तेव्हा सुनेने त्याला बाजूला केलं आणि स्टूल ओढून दाराशी बसल्याचा आवाज आला.

"बाबा, काय झालं?"

आतून उत्तर आलं. "मी सही करणार नाही."

"कसली सही?"

"भरतीची."

बाहेर सुनेला हसू फुटलं, आणि लगेच तिने ते गिळलं. "अहो बाबा, समुद्राची भरती. ओहोटीला वाळूवरून जंगलाच्या टोकापर्यंत जाता येतं. पाणी चढलं की वाट बुडते, परत फिरता येत नाही. म्हणून लॉजवाल्या बाईंना वेळा विचारत होते. त्याच वेळा लिहिल्यात ह्या कागदावर."

"आणि खुर्ची?"

"वाळूत चालणारी, जाड चाकांची. ती मिळते की नाही ते कळेपर्यंत तुम्हाला सांगायचं नव्हतं. आशा लावून मग नाही म्हणायचं, नको वाटलं."

काका पलंगाच्या कडेवर बसले होते. खुर्चीचं पटलं, पण कडीकडे हात गेला नाही. जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकलेल्या माणसाला एक खडखड अजून ऐकू येत होती.

"मला कुठे ठेवायचा विचार केलाच नव्हता, असं म्हण."

मुलगा घाईघाईने म्हणाला, "छे, बाबा, काहीतरीच काय."

"तू थांब," सून त्याला म्हणाली. मग दाराकडे वळली असावी, कारण आवाज जवळून आला. "केला होता, बाबा. आम्ही तिकडे जाऊ तेवढ्या दिवसांपुरता. एक ठिकाण बघूनही आलो आम्ही दोघं."

काकांनी डोळे मिटले. "मग?"

"तिथली लिफ्ट बंद होती. कधी सुरू होणार, असं विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्या लोकांना खाली यायची गरजच पडत नाही. मी तशीच उठले. ह्यांना म्हटलं, जायचं तर बाबांसकट, नाहीतर राहू दे. पण बघायला गेलो होतो. ते खरं आहे."

मुलगा पुन्हा दाराला हात लावायला निघाला, तसं तिने त्याचं मनगट धरलं.

"ओढू नकोस," ती त्याला म्हणाली. आणि दाराला म्हणाली, "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या, बाबा. मी बाहेरच आहे."

स्टूल करकरलं. सून खरंच हलली नव्हती. काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"आठ नंबर," ते आतून म्हणाले. "डाव्याला जरा सैल लागतो."

मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि कडीपाशी आले.