तहानलेला म्हातारा हवा होता

आबांच्या डोक्यावरची टोपी फिल्मवाल्यांच्या कपडेवाल्या पोरीनं दोन बोटांनी उचलली. विचारलं नाही. ताटाखालचा कागद उचलावा तशी उचलली आणि दिव्याच्या स्टँडला अडकवली.

"ये तो नेता लग रहे हैं," मागं वळून ती म्हणाली. "किसान नहीं लग रहे."

मग पिशवीतून लाल-पिवळा फेटा काढला. आधीच बांधून, शिवून आणलेला. तो आबांच्या डोक्यावर दाबून बसवला. आमच्याकडं असला फेटा वरातीतला बँडवाला घालतो. माझे वडील, सत्तरी ओलांडलेला माणूस, भर उन्हात, स्वतःच्या रानात, बँडवाल्यासारखे उभे. उघड्या डोक्याचे आबा चार माणसांत मी त्याआधी एकदाच पाहिले होते. आई गेली त्या दिवशी.

मी तिथंच होतो. हाताची घडी घालून. कारण सौदा माझा होता.

माझं खोदाईचं मशीन आहे. दुसऱ्याच्या मशीनला ग्रीस लावत शिकलो, आज स्वतःचं चालवतो. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत. घासाघीस करूनच वर आलो, त्याची लाज नाही. तर इंदापुरात हायवेच्या हॉटेलात ही मंडळी उतरली होती. दिल्लीकडची एक कंपनी एका गावाला पाण्याचं काम करून देणार होती आणि त्याआधी त्या गावाची फिल्म काढणार होती. पुण्याचा एक पोरगा त्यांच्यासाठी जागा शोधत फिरत होता. त्याला उजाड जमीन हवी होती. माझ्याकडं होती.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात, पाटाच्या खालच्या अंगाला आमचं रान आहे. पांढरंफेक. लांबून कुणी चुना पसरलाय असं वाटतं. गवतही धड येत नाही. पण ते उन्हानं मेलेलं नाही. पाण्यानं मेलंय. पाट आला, ऊस आला, आणि आबांच्या पिढीनं पाणी मोकळं सोडलं. पाण्याची पाळी आली की रान तुडुंब. ते पाणी जमिनीत साचत गेलं आणि खालचं मीठ घेऊन वर आलं. मीठ फुटलं तेव्हा आबांना वाटलं, धुऊन काढू. म्हणून आणखी पाणी दिलं. तिथंच रान संपलं.

अशा जमिनीला पाणी नको असतं. साचलेलं पाणी बाहेर जायला वाट हवी असते. ओढ्यापर्यंत एक मोठी, खोल चारी. आमच्या शिवारातली कितीतरी रानं त्या एका चारीवाचून अडलीत. म्हणून हॉटेलात मी त्या पोराला सांगितलं, "रान वापरा. मला भाडं नको. कंपनीनं आमची चारी काढून द्यायची."

"शंभर टक्के, दादा," तो म्हणाला. हातावर हात मारला.

गाड्या आल्या. डायरेक्टर बाई खाली उतरल्या, पांढऱ्या रानाकडं बघितलं आणि खूश झाल्या. "परफेक्ट! पूरा महाराष्ट्र ऐसा ही है ना? मुंबई छोड़ के?"

पुण्याचा पोरगा नुसता हसला.

बांधापलीकडं ऊस उभा होता. आत शिरलेला माणूस सापडू नये एवढा. कॅमेरावाल्यानं जागा बदलत बदलत शेवटी कॅमेरा असा लावला की ऊस दिसेना. बांधावर बसलेले आबा मात्र त्यांना दिसले. टोपी गेली, फेटा आला. पुढ्यात रिकामं मडकं आलं.

"बाबा, आसमान की तरफ देखो. बारिश का इंतज़ार है. सालों से प्यासे हो."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हनती रं ही?"

"वर बघा म्हणती. पावसाची वाट बघा."

"पावसाची? आपून कवा वर बघितलं, लेका? आपली नजर पाटाच्या दारावर."

हसण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही. आबांनी माझ्यासाठी वर बघितलं. ऊन सरळ डोळ्यांत. डोळ्यांना पाणी आलं तशा बाई ओरडल्या, "ब्यूटिफुल! चलने दो!"

मी पोराला बाजूला घेतलं. "शेवटी चारीचं काय दाखवणार?"

"दादा, समजून घ्या ना. चारी दाखवता येत नाही. पाणी बाहेर काढतोय म्हटलं तर बघणाऱ्यांच्या डोक्यात कसं शिरणार? बाहेरच्यांना महाराष्ट्र म्हणजे मुंबई नाहीतर दुष्काळ. इथं टाकी होईल. पाटाचं पाणी थेट रानात आणणारी पाइपलाइन होईल. खोदाई सगळी तुमची."

आणखी पाणी. या रानात.

आणि खोदाई सगळी माझी. पोरगा हुशार. माझी नस त्याला बरोबर सापडली होती. एवढा मोठा सौदा माझ्याकडं आपणहून चालत कधी आला नव्हता. मी नाही म्हणालो नाही. होही म्हणालो नाही.

तेवढ्यात बाईंना आबांच्या तोंडचं एक वाक्य हवं झालं. पोरानं मराठीत सांगितलं, "आबा, एवढंच म्हणा. पाणी नव्हतं म्हणून जमीन मेली."

आबांनी पुढ्यातलं मडकं बाजूला सारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "पानी लई हुतं. म्या दिलं. म्या मारली ही."

"कट. क्या बोल रहे हैं?"

"कुछ नहीं, मॅम. कन्फ्यूज़ हैं. उमर है."

कन्फ्यूज.

हे वाक्य आबा आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. घरात बोलले नव्हते. आईजवळही बोलले नसावेत. रोज सकाळी त्या पांढऱ्या रानाच्या बांधावर येऊन बसायचे, का ते आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आता परक्यांच्या कॅमेऱ्यापुढं, बँडवाल्याच्या फेट्यात, ते एकदाचं बाहेर पडलं. आणि हे म्हणतात, कट. डोक्यावरची टोपी घेतली. ऊस झाकला. आता आमची चूकसुद्धा घेतली आणि त्या जागी स्वतःला सोयीचं रडणं ठेवलं. माझ्या बापाला स्वतःच्या दुःखाचाही मालक राहू देईनात.

मी पुढं झालो. फेटा काढून मडक्यात कोंबला. स्टँडवरची टोपी काढली, झटकली आणि आबांच्या हातात दिली. डोक्यावर त्यांची त्यांनी घातली.

"निघा."

"दादा, आपला सौदा—"

"मोडला. गाडीत बसा. न्हायतर गाडीपुढं चारी मारतो, मग ऱ्हावा हितंच, वर बघत."

"यहाँ के लोग होते ही हैं ऐसे, झगड़ालू," गाडीत बसताना बाई म्हणाल्या. हेही त्यांना आधीपासून माहीत होतं.

गावानं मला सोडलं नाही. "आयती टाकी घालवलीस," चुलता सगळ्यांदेखत बोलला. "फेट्यानं काय बापाचं डोकं झिजत हुतं व्हय रं?" अजून बोलतो.

पुढं फिल्म फोनवर आली. इंदापूरच्या अंगाला उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि तळाचा गाळ तडकतो. त्या गाळात दुसरा कुणी म्हातारा बसवला होता. फेटा तोच. मडकं तेच. धरणाच्या तळात बसून तहानलेला. माझ्या मामाचं गाव आमच्याच बारामती तालुक्यात. जिरायती. तिथं टँकर खरंच येतात, हंडे घेऊन बायका खरंच उभ्या असतात. तिथं कुणी गेलं नाही. रस्ता खराब होता म्हणे.

ओढ्यापर्यंत मी खुंट्या ठोकल्यात. वाटेत भावकीची रानं आहेत, चुलत्याचं सगळ्यात आधी. तो म्हणतो, माझ्या बांधातून चारी जाऊ देणार नाही. बघू. मी त्याच्या दारात बसेन, भांडेन, मशीन फुकट चालवेन, पण चारी काढणार. कुणाच्या फिल्मसाठी थांबणार नाही.

आणि चारीला पहिलं खारं पाणी लागेल त्या दिवशी आबांना टोपीसकट बांधावर उभं करून माझ्या फोनवर बोलायला लावणार. पाणी लई होतं ते. कुणी दिलं ते. मागं ऊस दिसू दे, पांढरं रान दिसू दे. एक शब्द कापणार नाही.