डाव्या बाजूचा बॉक्स

दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूरहून घरी आले, तेव्हा स्पीकरचे पाचही बॉक्स टीव्हीच्या दोन्ही अंगांना एकावर एक रचलेले होते. मी येईपर्यंत थांबायचं असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर कबूल केलं होतं. पण त्यांना धीर निघाला नव्हता.

होम थिएटर पुण्याच्या चुलत्यांचा. त्यांनी नवीन घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवून दिला. सोबत निरोप होता, "पोरगी इलेक्ट्रॉनिक्सला आहे, ती जोडेल." या निरोपानं मला धडकीच भरली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. सर्किट मी कागदावर नीट काढते, त्याला मार्कही पडतात. पण घरातला पंखा बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि पंखा मला दुरुस्त करता येत नाही.

आप्पा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. ट्रॅक्टर मालकाचा. हंगाम सुरू झाला की टेंभुर्णीकडच्या फडांतून श्रीपूरच्या कारखान्यावर ऊस न्यायचा, दोन ट्रॉल्या मागे जोडून. आमच्याकडे या ट्रॅक्टरांना मोठाले बॉक्स बसवतात आणि गाणी अशी लावतात, की ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू यावा. डुलकी लागू नये म्हणून लावतो, असं ड्रायव्हर सांगतात. थोडी ऐटही असतेच. आप्पांचा बॉक्स डाव्या मडगार्डवर, त्यांच्या डोक्याला जवळजवळ चिकटून. उजवी बाजू त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवलेली, कारण ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न तिकडून येतो.

"यातले दोन मागच्या भिंतीला लावायचे आहेत, आप्पा," मी म्हणाले.

"मागं? पाठीमागनं कोण बोलतंय का? पिच्चर म्होरं चाललाय की."

"पिक्चरमध्ये मागून गाडी आली, तर आवाज मागूनच येतो."

"मग मी सारखं मागं वळून बघायचं व्हय?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा की. तेवढीच मान मोकळी हुईल."

आप्पांनी खिळे ठोकले, मी वायरी ओढल्या. सोबतच्या पुस्तिकेत एक चित्र होतं. मधे खुर्चीत माणूस आणि त्याच्या चहूबाजूंनी बॉक्स. आमची खोली लहान, एका बाजूला दिवाण, दुसरीकडे कपाट. तरी जमेल तसं बसवलं. बारकी केबल कुठल्या भोकात जाते हे मी दोनदा चुकले, पण आप्पांनी ते जाणवू दिलं नाही. ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "आमच्या पोरीला सगळं कळतंय."

या मशीनमध्ये तपासणीची एक सोय असते. बटण दाबलं की एकेका बॉक्समधून आळीपाळीनं बारीक सळसळ ऐकू येते. मी आप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत मधोमध बसवलं आणि सांगितलं, ज्या बाजूनं आवाज येईल, तिकडचा हात वर करा.

उजवीकडचा बॉक्स वाजला. उजवा हात वर. मागचा उजवा वाजला. उजवा हात. मग मागचा डावा. पुन्हा उजवाच हात, तोही अगदी खात्रीनं. पुढचा डावा वाजला, तेव्हाही तेच.

आई दारात येऊन हसायला लागली. "आवं, पोरीची चेष्टा कशाला करताय?"

"चेष्टा न्हाय. हिनंच वायरी उलट्यापालट्या जोडल्यात."

मला लगेच ते पटलं. चूक माझीच असणार, असं मला नेहमी आधी वाटतं. मी सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. फरक पडला नाही. मग मी आप्पांना खुर्ची फिरवून मागच्या भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. आता मघाचे डावे बॉक्स त्यांच्या उजव्या हाताला आले होते. सळसळ एका बॉक्समधून दुसऱ्यात फिरत राहिली. आप्पांचा उजवा हात तेवढा वर जात राहिला.

मी मशीन बंद केलं. आईचं हसू थांबलं होतं.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही का?" मी विचारलं.

"मागल्या हंगामापास्नं जरा दडा बसल्यागत वाटतंय. मळ असंल."

"सांगितलं न्हाय ते," आई म्हणाली.

"काय सांगायचंय त्यात? उजवा हाय की. ओव्हरटेक उजवीकडनंच हुतंय."

ट्रॅक्टर चालवू नका, असं मला म्हणायचं होतं. कोणत्या तोंडानं बोलणार? त्यांच्या त्या कामावर तर मी शिकत होते. पण फड मी पाहिलेला आहे. ट्रॉली मागे घेताना आजूबाजूला तोडणी करणारी माणसं असतात, त्यांची लहान पोरं असतात.

"आप्पा, ऐकू येत नाही एवढंच नाही ना. डावीकडून कुणी थांब म्हणून ओरडलं, तर तुम्ही उजवीकडं बघाल."

ते एकदम उठले. "चार पुस्तकं शिकलीस म्हणून मला ट्रॅक्टर शिकवायलीस व्हय? हंगाम तोंडावर आलाय. मालकाला कळलं की तो दुसरा डायव्हर बघतोय."

त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी आईकडे पाहिलं. खाली पडलेला भिंतीचा चुना ती झाडत बसली. राहिलेल्या सुट्टीत आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलले. ते सगळं आईसमोर काढायला नको होतं, असं मला वाटायचं. आणि पुन्हा वाटायचं, एकटे असताना त्यांनी ते ऐकूनच घेतलं नसतं.

मी परत निघाले त्या सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. स्टँडवर सोडायला येतायत, असं मी धरून चालले. पण सोलापूरची गाडी लागल्यावर तेही माझ्यामागून चढले.

"डॉक्टरला दावून येतो," ते म्हणाले. "काय म्हणतोय बघू. मग मालकाला मीच सांगतो, दुसऱ्या कुणाकडनं कळायला नको."

मी खिडकीपाशी बसले होते, ते माझ्या शेजारी. गाडी सुरू झाल्यावर मी त्यांना विचारलं की केसपेपरसाठी आधार कार्ड घेतलंय का. ते समोर बघत राहिले. मग त्यांना माझे ओठ हलताना दिसले असावेत. ते उठून उभे राहिले, मला खिडकीपासून उठवलं आणि जागा बदलून घेतली. आता मी त्यांच्या उजव्या हाताला होते.

"आता बोल," ते म्हणाले.