माझ्या मापाची शांतता

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात मी सरकारी वकिलीचा राजीनामा देऊन विरोधी पक्षात गेलो, तेव्हा सरकार पडले नाही. हललेसुद्धा नाही. हललो फक्त मी, गांधीबागेपलीकडच्या विणकरांच्या मोहल्ल्यात, भर दुपारी.

मते मागायला गेलो होतो. हा मोहल्ला पाठीशी उभा राहिला तर आमदार. नाहीतर नोकरी गेलेलीच होती, आता अब्रूही जाणार.

त्या गल्लीत यापूर्वी मी एकदाच पाऊल टाकले होते. खुनाच्या एका खटल्यात न्यायाधीश जागा पाहायला आले, तेव्हा काळा कोट घालून त्यांच्या मागे. पुढे तिथले दोघे भाऊ जन्मठेपेवर गेले. या खेपेला पांढरा कुडता होता आणि जोडलेले हात.

"हसा जरा साहेब," सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, "आन् ते बोट खिशात ठेवा."

आरोपीवर बोट रोखायची माझी लकब साऱ्या शहराला ठाऊक होती.

दोन्ही बाजूंना हातमागांची खटखट चालू होती. पहिल्या दारापुढे आलो आणि आतला माग थांबला. दुसऱ्या दारी दुसरा. वळून पाहिले, तर पहिला पुन्हा सुरू! बरोबर माझ्या मापाची शांतता माझ्यासोबत चालत होती. मी मुद्दाम थबकलो. तीही थबकली. डोक्यावर ऊन तापलेले, आणि मानेवर काटा.

"काहून थांबून राहिले गा हे?"

"जेवून राहिले असतील," कार्यकर्ता म्हणाला, आणि माझ्यापासून जरा लांब सरकला.

शेवटच्या घरातला माग मात्र चालूच राहिला. दाराकडे पाठ करून एक म्हातारा विणत होता. मला न घाबरणारा एक तरी मतदार! उंबऱ्यावर उभा राहून मी आवाजात लोणी कालवले. मतदान रविवारी होते. येणार का, एवढेच विचारायचे होते.

"बाबा, रविवारी सकाळी तुम्ही कुठं?"

धोटा सुतात अर्ध्यावर थांबला. म्हातारा सावकाश वळला. माझे बोट त्याच्या छातीवर रोखलेले होते. ते मी कधी उचलले, मला आजही आठवत नाही.

"मी कुठंच नव्हतो साहेब!" तो ओरडला. "घरी झोपून होतो, बायकोले विचारा!"