नरडाण्याकडच्या तळ्यातली बदकं कुठं गेली

दिवाळीनंतर माझे मामेसासरे दगडूनाना धुळ्याला आले होते. जाता जाता म्हणाले, "जावाई, आमना तलाववर चक्रवाक उतरनात. येवानं व्हई तं लवकर या." माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कुणीतरी मोडकी म्हणून विकलेली दुर्बीण मी नीट करून ठेवली होती, पण तिच्यातून समोरच्या गच्चीवरची वाळवणं सोडून काही पाहिलं नव्हतं. पौषात दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो.

धुळ्याहून नरडाण्याला सर्व्हिस मोटार जाते. सकाळचीच धरा, दुपारची माणसं भरल्याशिवाय हलत नाही. शक्यतो पुढं बसा, मागं आग्रा रोडची धूळ थेट तोंडात येते. उतरल्यावर भजी खाऊन घ्या, कारण पुढं गावापर्यंत काही मिळत नाही. बैलगाडी चार-सहा आण्यांत ठरते. माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून आमच्या गाडीवाल्यानं मात्र घासाघीसही केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "साहेबना मानूस शेतस का तुम्ही?"

"नाही. दगडूनानांचा जावई."

"मंग हाई कशाले?"

"पाखरं पाहायला."

ते काही त्याला पटलं नाही. गाव येईपर्यंत तो वळून वळून माझ्याकडं पाहत राहिला.

तळं गावाच्या उगवतीला. एका बाजूला मातीचा बांध, दुसऱ्या बाजूला लव्हाळ्याचं दाट बेट. मधल्या खोल पाण्यावर थापट्या बदकांचे थवेच्या थवे, काठाला चक्रवाकांच्या जोड्या, पलीकडच्या शेतात करकोचे. होळीपर्यंत लव्हाळा कापायचा नाही, गुरं एकाच बाजूनं पाण्यावर न्यायची आणि संक्रांत झाल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, हा गावाचा जुना रिवाज. म्हणून पाखरं इथं थांबतात, असं नाना सांगत होते. सांगताना त्यांची नजर पाखरांवर नव्हती, बांधावर होती.

संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि भरीत नानांच्या विधवा बहिणीनं, मथुराक्कांनी वाढलं. चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर त्यांनी पदर इतका ओढून घेतला होता की मला वाटलं, माझं येणं त्यांना आवडलं नसावं.

सकाळी तळ्यावर गेलो तर काठाला हातभर ओला पट्टा उघडा पडलेला. बदकं अस्वस्थ होऊन उठत होती, पुन्हा बसत होती. बांधावर माणसं जमली होती. बांधाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी असते, तिला लाकडी दट्ट्या बसवलेला असतो. तो कुणीतरी सैल केला होता, आणि कालही केला होता म्हणे.

"कोन चोरीसन पानी सोडी राह्यना, ते दखाडसू," पाटील म्हणाले. मग माझ्या दुर्बिणीकडं पाहून हळूच, "पाव्हना उना आनि पानी उतरनं."

मी दुर्बीण सदऱ्याखाली सरकवली. पण दुसरा कुणीतरी म्हणाला, "नानाना हरभरा देखा का? बठ्ठा वल्ला शे." सगळ्यांच्या माना नानांकडं वळल्या. मोरीचा पाट नानांच्या शेतातूनच ओढ्याला जातो. आणि मी नानांच्या धोतराकडं पाहिलं, तर ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

घरी आल्यावर मी पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. ज्यांच्या घरी जेवत होतो तेच गावाचं पाणी चोरत होते. शेवटी विचारलंच, "नाना, दट्ट्या तुम्हीच काढला ना?"

नानांनी अक्कांकडं पाहिलं. मथुराक्कांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. डावा डोळा मिटून गेला होता, भोवती छऱ्यांचे काळे डाग.

"मागला हिवायामा साहेब लोके शिकारले उन्थात," त्या म्हणाल्या. "मी लव्हायामांगे गवत कापी राह्यन्थू. त्यास्नी बदकं देखात, माले नई देखं."

तक्रार कुणी ऐकली नव्हती. आता तीच मंडळी पुन्हा यायची होती, पाटलांना वर्दी आली होती. नाना हळू आवाजात म्हणाले, "पानी उतरनं का बदकं उठतस. बदकं नईत तं बंदुका बी नईत. पन हाई गावले सांगं तं साहेबना कानवर जाई, आनि पाटीलवर येई."

मला ते खरं वाटलं. तरी तो ओला हरभरा डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या मोटारी आल्या. गावानं पुन्हा घट्ट बसवलेला दट्ट्या रात्रीतून पुरता उपसला गेला होता; तोवर तळ्यात मधोमध डबकं आणि भोवती चिखल उरला होता. बदकांचा थवा पळसाच्या रानामागं, ओढ्याच्या डोहावर उतरताना मी दुर्बिणीतून पाहिला होता. तिथं गावच्या बायका गवत कापत होत्या. साहेबाबरोबरचा कारकून सरळ माझ्याकडंच आला. "दुर्बीणवाले, बदकं कुठं गेली?"

पाटील शेजारीच उभे होते. थवा त्यांनीही पाहिला होता. ते मला खोटं पाडतील की काय, म्हणून त्यांच्याकडं न पाहता मी दुर्बिणीची काच पुसू लागलो.

"तापीकडं गेली," मी म्हणालो. "सकाळीच."

कारकुनानं पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी मान डोलावली.

मोटारी गेल्या, त्यांची धूळ खाली बसली. मग पाटील म्हणाले, "नाना, दट्ट्या बसाडी दे आते. हरभरानं पानी पुढला सालना तुना वाटामातून कापसू."

"कापा," नाना म्हणाले आणि मोरीकडं गेले.

निघण्याच्या दिवशी पुन्हा तळ्यावर गेलो. बदकं परतली नव्हती, आणि पावसाळ्यापर्यंत पाणी चढणार नव्हतं. उघड्या चिखलात तुतवार नि शेकाटे चोची खुपसत फिरत होते. आल्या दिवशी ते मला दिसले नव्हते. गुरं मात्र चिखलात रुतत, लांबून पाण्यापर्यंत जात होती. चैत्रात त्यांचं काय होईल, हे मी कुणाला विचारलं नाही.

धुळ्याला येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "अक्कांसाठीच केलं गं त्यांनी. मी उगाच संशय घेतला."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या मामाला मी लहानपणापासून ओळखते. मावशीसाठीच सोडलं असेल त्यानं पाणी. पण फुकट वाहू दिलं नसेल."

मी दुर्बीण खुंटीला अडकवली. त्या उन्हाळ्यात तिकडचं कुणी दुकानात आलं की घड्याळ हातात घेण्याआधी मी विचारायचो, गुरांना पाणी पुरतंय का.