अप्पा आणि शिमल्याचा उतार

शिमला दिसलं आणि माझे वडील, अप्पा, बसमध्येच ओरडले, "यप्पा! ही घरं बांधल्यात का टांगल्यात?"

खरंच सांगते, अख्खा डोंगर आणि त्याला घरंच घरं चिकटलेली! हिमाचलची राजधानी आहे ही, पण सपाट जागा औषधालाही नाही. आम्ही मूळची अक्कलकोटकडची, आता सोलापुरात राहणारी माणसं. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, बस्स!

मला इथं शाळेत नोकरी लागलीय. पण अप्पांची अट, आधी मी गाव बघणार, पटलं तरच तू राहणार. त्यामुळं मी सारखी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

बस खालच्या रस्त्यावर थांबली. बाजार वर. आणि वर जायला चक्क तिकीट काढून लिफ्ट!

"गावाला लिफ्ट?" अप्पांनी दोनदा विचारलं.

वर रिज (डोंगराच्या कण्यावरचं मोकळं मैदान). तिथं एक फोटोवाला म्हणाला, इकडचं पाणी सतलजला जातं, तिकडचं यमुनेला. अप्पांनी लगेच बाटलीतलं पाणी दोन्हीकडं थोडं थोडं ओतलं. "दोघींना सारखं. भांडण नको."

मग माझा घोळ. रूम मी सोलापुरात बसून मॅपवर ठरवलेली. शाळेपासून दीडशे मीटर! पण मॅप सपाट असतो हो. शाळा वर, रूम बरोब्बर तिच्या पायाखाली, मधे नुसत्या पायऱ्या. उतरताना मजा आली. रूम बघून परत चढताना मात्र अप्पा वळणावरच्या कट्ट्यावर जे बसले, ते बसलेच.

"दोन मिंटं म्हणलीस न्हवं?"

"थोडंच राहिलंय, अप्पा."

"मगाशी बी हेच म्हणलीस."

संपलं. गेली नोकरी.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक आंटी धापा टाकत शेजारी टेकल्या. मग एक आजोबा. मग कॉलेजच्या दोन मुली. इथं रीतच आहे, कट्ट्यावर दम खायचा आणि तोवर शेजारच्याची चौकशी करायची. "बेटी कहाँ की है?" आंटींनी विचारलं आणि अप्पांची कळी खुलली. पिशवीतनं कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली) आणि शेंगाचटणी बाहेर! आजोबांना दात कमी, त्यांनी नुसती चटणी चाटली आणि डोळे पुसत "बढ़िया!" म्हणाले.

आम्ही उठेपर्यंत त्या सगळ्यांना माझं नाव, शाळा, रूम आणि मी सकाळी किती वेळा हाका मारल्यावर उठते, सगळं कळलेलं. मी लाजून लाल!

परत आलो तेव्हा सोलापूरला स्टेशनवर आई घ्यायला आलेली. "कसं हाय गाव?"

"लई वाईट," अप्पा म्हणाले. "रस्ता उभा, घरं उभी, माझं गुडघं गेलं."

माझं तोंड पडलं.

"पण जाऊ दे पोरीला. हितं गाडीवरनं भुर्रकन जाती, कोण बघतंय? तितं वळणावळणाला बसत जाणार. सांजच्याला घरी न्हाय पोचली तर अख्खा डोंगर हाका मारत सुटंल की."

रिक्षात मी नुसती हसत होते. आमचा रस्ता किती सपाट! शेजारच्या काकू स्कूटीवरनं हॉर्न वाजवून सुसाट पुढं गेल्या. त्यांच्याशी शेवटचं बसून कधी बोलले, काही केल्या आठवेना.