ओट्यावरून पडली, असे मी सांगितले

"सबड्यूरल हिमॅटोमा आहे," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा मला काही कळले नाही. त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून समजावले. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचले होते आणि ते मेंदूला दाबत होते. कवटी लगेच उघडावी लागणार होती. मग त्यांनी विचारले, "मार कसा लागला?"

"ओट्यावरून पडली," मी म्हणालो.

ते खोटे होते. माझी पत्नी सुमन जऊळक्याला लेकीच्या घरासमोर रस्त्यावर उभी होती. व्याही पिकअप मागे घेत होते. गाडीचा धक्का लागून ती डोक्यावर आपटली. व्याह्यांवर पोलीस केस झाली तर लेकीला त्या घरात नांदणे अवघड जाईल, एवढेच मला सुचले. अकोल्याला नेताना गाडीतच मी सर्वांना बजावले, ओट्याचेच सांगायचे.

डॉक्टर म्हणाले, "बाबा, मांडीवर आडवा वळ आहे. पडून असा येत नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि ते आत गेले.

अकरा दिवस ती आयसीयूत होती. काचेतून तिची बोटे हलताना दिसली की मी ती मोजायचो. घरी आली तेव्हा उजवा हात लुळा होता आणि अफेजिया झाला होता. म्हणजे मनात शब्द असतो, पण तोंडात येत नाही. त्या दिवसाचे तिला काहीच आठवत नव्हते. तिलाही मी ओट्याचेच सांगितले.

भेटायला कोणी आले की ती डावा हात कपाळाला लावायची. "माही... चूक." लेकीलाही तेच म्हणायची. मी शेजारी बसून ऐकायचो.

बोलण्याचे आणि हाताचे उपचार लांबणार होते. अपघाताची भरपाई मिळते असे ऐकून मी वाशीमला वकीलबाईंकडे गेलो आणि त्यांना खरे ते सांगितले. त्यांनी दवाखान्याचे कागद चाळले.

"बाबा, यात तर ओट्यावरून पडल्या असं आहे. भरपाई कोणाकडून मागू, ओट्याकडून? आधी पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाब द्या. दावा लावायची मुदत सहा महिने असते, तुमचे पाच गेले."

दुसऱ्या दिवशी मी जऊळक्याला गेलो. व्याह्यांनी सगळे ऐकून घेतले.

"इवाई, गाडीचा इमा हाय, माह्यापाशी लायसन हाय," ते म्हणाले. "माह्या अब्रूपायी त्या बाईचा इलाज कायले अडवता? मले पाच महिने झोप नाही. तुमी सांगा, मी पन सांगतो."

ठाण्यात जाण्याआधी मी सुमनला सांगितले. "मंग... मी... पडली नाही?" एवढे म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवले. दोन दिवस माझ्या हातचे पाणी घेतले नाही.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाने विचारले, "तेव्हाचं खरं की आताचं?" मी म्हणालो, "तेव्हाचं खोटं होतं, साहेब. मीच सांगितलं." माझ्या शब्दाला आता किती किंमत होती कोण जाणे. पण डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर लिहून ठेवले होते: मांडीवरचा वळ सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही. त्या ओळीने दावा तरला. मी त्यांना फसवले, तरी त्यांनी माझ्या बायकोची बाजू राखली. त्यांचे उपकार मी कसे फेडणार?

तुमच्या घरी अशी वेळ आली तर दवाखान्यात खरे तेच सांगा. नाती जपायला मी खोटे बोललो, पण आमचे नाते टिकले ते व्याही खरे बोलले म्हणून. लेक सुखात आहे.

सुमनचे उपचार सुरू आहेत. आता कोणी भेटायला आले की ती माझ्याकडे बोट दाखवत, सावकाश, शब्द जुळवत सांगते, "गाडीनं मले रस्त्यावर पाडलं, अन् यायनं ओट्यावरून."

लोक हसतात. मी तिथेच बसलेला असतो. तिचे एवढे लांब वाक्य मध्ये न अडखळता पुरे झाले, की मनातल्या मनात हात जोडतो.