दंडाच्या मापाचा पट्टा

अमेरिकेतल्या आमच्या शहराच्या फुटबॉल संघाने ऐंशीच्या दशकात एका वर्षी निवडलेल्या नव्या खेळाडूंचं कौतुक इथलं वर्तमानपत्र अजून अधूनमधून छापतं. ड्राफ्टमध्ये प्रत्येक संघ आळीपाळीने, एकेका फेरीत कॉलेजातली मुलं निवडतो; सगळ्यांत चांगली पहिल्या फेरीत जातात. त्या वर्षीची आमची खेप सोन्याची निघाली आणि संघ पुढे बरीच वर्षं जिंकत राहिला. लेखात प्रशिक्षकांची पारख असते, मालकाची दूरदृष्टी असते. माझ्या ब्लाऊजचा उल्लेख नसतो.

मी तेव्हा इथल्या हॉस्पिटलात रेसिडेंट होते, नागपूरहून एमबीबीएस करून आलेली. आमचे सीनियर हेच संघाचे डॉक्टर. जुलैत सराव सुरू होण्याआधी नव्या खेळाडूंची तपासणी ते आमच्याकडून करून घेत. नाडी, छाती, ब्लड प्रेशर ही हमाली माझ्याकडे. या तपासणीचं माझं हे दुसरं वर्ष होतं. एवढाली माणसं मी नागपुरात पाहिली नव्हती. ते बसले की खालचं स्टूल दिसायचं नाही. प्रेशरचा पट्टा दंडाला कसाबसा पुरायचा, तो मी एका हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्याने हवा भरायची.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचं प्रेशर जास्त आलं. संघाचा माणूस हसून म्हणाला, "नर्व्हस आहे. उद्या परत घ्या." शेवटच्या फेरीतल्या मुलाचंही तेवढंच आलं, तर त्याच्या नावावर लाल रेघ. आकडा एकच, पण एकाला भीती आणि दुसऱ्याला आजार! मला राग आला. पण व्हिसावर आलेल्या डॉक्टरने रागवायचं कुणावर? मी सही केली.

तो मुलगा स्टुलावरून उठेना. "मॅम, परत एकदा घ्याल का?" मी घेतलं, तर आणखीच जास्त आलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्याला घरी पाठवायचं ठरलं. त्याने शर्ट चढवला आणि जाताना मला थँक यू म्हणाला.

त्याच संध्याकाळी एका मराठी घरी बारसं होतं. मी लग्नातला शालू काढला, तर ब्लाऊजची बाही दंडावर चढेना. दोन वर्षांचं आइस्क्रीम तिथेच जाऊन बसलं होतं. तशीच घुसवली. पाळण्यापाशी उभी असताना बोटांना मुंग्या आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, केवढा टाइट झालाय! हात निळा पडेल ना. थांब, कात्री आणते." त्यांनी बाही उसवली, हात मोकळा झाला आणि माझं डोकं चालायला लागलं.

पट्टाच लहान होता. लहान पट्टा जाड दंडावर आवळला की प्रेशर खोटंच जास्त दिसतं. नागपूरला आख्ख्या वॉर्डात एक पट्टा आणि पेशंटचे दंड काटकुळे. पट्ट्याला मापं असतात हे कधीतरी वाचलं असेल, पण वापरायची वेळच आली नव्हती. मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

घरी परतताना नवरा म्हणाला, "म्हणजे उद्या स्वतःच्या तोंडाने मिस्टेक सांगणार तू? काँट्रॅक्ट रिन्यू नाही केलं तर बॅगा भरायच्या का, यार?" भीती मलाही वाटत होती, आणि त्या मुलाचं थँक यू कानातून जात नव्हतं.

सकाळी मी वॉर्डातून मांडीला बांधायचा रुंद पट्टा घेतला आणि सीनियरांसमोर उभी राहून चूक सांगितली. त्यांनी तो पट्टा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "त्याला बोलाव." तो बॅग घेऊनच आला. या वेळी आकडा नॉर्मल आला. सीनियरांनी फॉर्म फाडून नवा भरला. मला ते ओरडले नाहीत, पुढे काँट्रॅक्टही रिन्यू झालं. तो मुलगा राहिला आणि त्या सोन्याच्या खेपेत सगळ्यांत जास्त वर्षं तोच खेळला.

आता लेख आला की मुलगी फोन करते, "आई, युअर गाय इज इन द पेपर अगेन!" मी चष्मा लावून वाचते. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण आदल्या वर्षीची तपासणीही मीच केली होती, त्याच लहान पट्ट्याने. त्या वर्षी शेवटच्या फेऱ्यांमधले दोघेजण प्रेशरपायी घरी गेले. सीनियरांसमोर उभी होते तेव्हा ते मला आठवलं होतं. मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्या दोघांची नावंही आज मला आठवत नाहीत. त्यातल्या एकाने विचारलं होतं, परत एकदा घ्याल का म्हणून. बाहेर रांग होती. मी नाही म्हटलं.